भाऊबिजेचं रोमिंग

आमच्या घरातले सगळे फोन बाबांच्या नावावर आहेत. मोबाइल नवे होते तेव्हा ते स्वतः रांगेत उभे राहिले, फोटो आणि विजेच्या बिलाची प्रत दिली आणि नंबर घेऊन आले. पुढे माझा आणि माझ्या नवऱ्याचा नंबर त्याच खात्याला जोडला गेला. कंपनीच्या भाषेत बाबा ‘मुख्य ग्राहक’ आणि आम्ही दोघं त्यांच्या पदरी. आई गेल्यापासून बाबा कोथरूडला आमच्याकडेच राहतात. घर आमचं असलं तरी फोनच्या बाबतीत आम्ही त्यांचे आश्रित आहोत, याची आठवण ते अधूनमधून करून देतात.

बाबा बँकेतून निवृत्त झाले. सही जुळल्याशिवाय ते खुद्द मॅनेजरचाही चेक पुढे सरकवत नसत, अशी त्यांची ख्याती होती. तरी मला त्यांची काळजी वाटायची, कारण आमच्या सोसायटीतले एक काका असेच हुशार होते. त्यांना एका दुपारी फोन आला, बोलणारा अगदी त्यांच्या पुतण्यासारखा बोलत होता, आणि काकांनी आलेला ओटीपी सांगून टाकला. खातं साफ झालं. त्याच संध्याकाळी मी बाबांना समोर बसवलं.

“ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. बँकेला नाही, पोलिसाला नाही, जावयालाही नाही.”

“तुला?”

“मलाही नाही. हल्ली आवाजसुद्धा हुबेहूब काढतात.”

“आणि तू मागितलासच तर?”

“फोन ठेवून द्यायचा.”

“ते मला आवडेल,” बाबा म्हणाले.

मी हिंजवडीला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. चार लोकांनी मन लावून बनवलेली वस्तू कुठे मोडते ते शोधून काढायचं, हे माझं काम, आणि घरी आल्यावर ते काही सुटत नाही. त्यामुळे मी बाबांच्या परीक्षा घ्यायला लागले. कधी ऑफिसातल्या मैत्रिणीला त्यांना फोन करायला लावायचे, कधी कंपनीच्या बसमधून मीच दुसऱ्याच्या फोनवरून करायचे. नाकात बोलून, गोड आवाज काढून, कधी रडवेली होऊन ओटीपी मागायचे. बाबा एकदाही फसले नाहीत. मी संध्याकाळी दारात चपला काढत असतानाच ते विचारायचे, “पास?” मी “पास” म्हटलं की त्या दिवशी त्यांना साखरेचा चहा मिळायचा. त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे बक्षीस मोठं होतं.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. बाबांना एकच बहीण, त्यांच्याहून मोठी. बाबा तिला अक्का म्हणतात. लग्न करून ती इंग्लंडला गेली, ती तिकडचीच झाली. सुरुवातीला दर तीन-चार वर्षांनी यायची. मग यजमान गेले, गुडघे गेले, येणं थांबलं. बाबांनाही डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. पण भाऊबिजेला तिचं पाकीट यायचं म्हणजे यायचं. पाकिटात कागदाच्या पुडीत चिमूटभर कुंकू आणि चार अक्षता, बाकी काही नाही. बाबा त्या दिवशी नवा सदरा घालायचे, बेसिनवरच्या आरशासमोर उभे राहायचे आणि अक्काचं कुंकू स्वतःच्या बोटानं स्वतःच्या कपाळाला लावायचे. मग आमच्याकडे वळून विचारायचे, “लागलं का नीट?” आणि आम्ही “लागलं” म्हणायचो.

त्या वर्षी पाकीट आलं नाही. आत्याचा हात इतका थरथरायला लागला होता की पुडी बांधताना कुंकू सांडून जायचं. फोनवर बोलावं तर तिला ऐकू येत नाही. तिच्याकडे साधा घरचा फोन आहे, त्यावर ती बोलते आणि बाबा ऐकतात, बाबा बोलले की ती म्हणते, “काय? बरं बरं, ठेवते.” इंटरनेट तिनं घरात येऊच दिलं नाही. “या वयात मला आणि कशाला ते शिकवता,” असं ती आपल्या मुलालाही म्हणाली होती, आणि तो दूरच्या शहरात राहतो.

नेमकं त्याच दिवाळीत ऑफिसनं मला दोन आठवड्यांसाठी इंग्लंडला पाठवायचं ठरवलं. मी घरी येऊन थयथयाट केला. दिवाळीत कोणी माणसाला घराबाहेर पाठवतं का, साहेबाला काही रीतभात आहे की नाही, वगैरे. बाबा शांतपणे ऐकत होते. माझा श्वास संपल्यावर म्हणाले, “तिथून अक्काचं गाव किती लांब?”

मी नकाशात पाहिलं. रेल्वेनं दोन तास. भाऊबीज नेमकी शनिवारी, म्हणजे मला सुट्टी. मी म्हटलं, “बाबा, मी तिच्या घरून व्हिडिओ कॉल करीन. ती तुम्हाला ओवाळेल.”

“म्हणजे मला ती दिसेल?”

“दिसेल.”

“आणि मी तिला?”

“तुम्हीही दिसाल.”

बाबांनी गालावरून हात फिरवला. “मग दाढी करायला हवी,” म्हणाले. भाऊबिजेला अजून पंधरवडा होता.

निघण्यापूर्वी मी फोनच्या दुकानात जाऊन परदेशातल्या डेटाचा पॅक घेतला. काउंटरवरच्या बाईंनी माझा फोन हातात घेऊन काहीतरी दाबलं आणि म्हणाल्या, “झालंय मॅडम. तिकडे उतरलात की आपोआप सुरू होईल.” मी उतरले. विमानतळावर वायफाय होतं, हॉटेलात होतं, ऑफिसात तर होतंच. रोज बाबांशी व्हिडिओवर बोलत होते. पॅक सुरू झाला आहे की नाही, हे पाहायची वेळच आली नाही. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून पोट भरणाऱ्या बाईला स्वतःचा फोन एकदाही तपासावासा वाटला नाही.

शनिवारी आगगाडीत बसले, गाडीनं शहर सोडलं, वायफाय मागे राहिलं आणि फोनच्या डोक्यावर ‘सेवा उपलब्ध नाही’ अशी ओळ आली. मी विमानाचं चित्र दाबून फोन बंद-चालू केला. रोमिंगचं बटण पाहिलं, ते चालूच होतं. नेटवर्कची यादी काढून तिथल्या एकेका कंपनीला हातानं निवडून पाहिलं, प्रत्येकीनं नकार दिला. शेवटी कानातल्याची दांडी खुपसून सिमकार्ड बाहेर काढलं, सणाच्या साडीच्या पदराला पुसून परत घातलं. समोरचा साहेब वर्तमानपत्र खाली करून बघत होता. कानातलं हातात, फोनचं पोट उघडं, अशा अवस्थेत मी त्याच्याकडे बघून हसले. फोन मात्र तसाच. बरं, पत्ता कागदावर लिहून घेतला होता, म्हणून विचारत विचारत आत्याच्या दारात तरी पोहोचले.

आत्यानं दार उघडलं. साडीवर स्वेटर, पायांत लोकरीचे मोजे, केसांचा एवढासा अंबाडा. मला मिठी मारून तिनं पहिला प्रश्न विचारला, “तो कुठाय?”

मी फोन दाखवला. तिनं मान डोलावली आणि मला हाताला धरून आत नेलं.

तिची सगळी तयारी झाली होती. खिडकीपाशी एक लाकडी खुर्ची, खुर्चीवर उशी, उशीला नवा अभ्रा. खुर्चीभोवती तांदळाच्या पिठीची रांगोळी, ओळी थोड्या हललेल्या. ती खुर्ची फोनसाठी होती. “तोंड पूर्वेला येईल असं ठेव,” आत्या म्हणाली, “पूर्व कुठली ते मी सकाळीच पाहून ठेवलंय.” शेजारी तबक: लग्नात नेलेलं पितळी निरांजन, सुपारी, तिची अंगठी, अक्षता, कुंकू. धूर झाला की बोंबलणारा एक भोंगा तिकडे घरोघरी छताला असतो, निरांजनानं तो वाजू नये म्हणून त्यावर तिनं आंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवली होती. तिथवर हात पोहोचवायला ही बाई कशावर चढली असेल कोण जाणे, आणि माझ्या हातात मेलेला फोन.

मी तिच्या घरच्या फोनवरून पुण्याच्या कंपनीला फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा, मग गाणं, मग पुन्हा गाणं. शेवटी एक मुलगी आली. तिनं फार नम्रपणे सांगितलं की पॅकची विनंती आलेली आहे, पण मुख्य ग्राहकानं मंजुरी दिलेली नाही. मुख्य क्रमांकावर आत्ता ओटीपी पाठवते, तो विचारून परत फोन करा, अर्ध्या तासात केलात तर आजच्या आज होईल.

मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, संपलं.

नवरा घरी असता तर प्रश्न नव्हता, पण तो ओवाळून घ्यायला त्याच्या बहिणीकडे कात्रजला गेला होता. पुण्यात संध्याकाळ झाली होती आणि बाबा घरात एकटे, आलेल्या ओटीपीसकट. आत्याच्या फोनवरून केलेला कॉल आमच्याकडे कधी नुसती शून्यं दाखवतो, कधी काहीच दाखवत नाही. शिवाय सकाळीच मी त्यांना बजावलं होतं, “माझा व्हिडिओ कॉल येईल. बाकी कुठलाही फोन घेऊ नका.”

पहिल्यांदा त्यांनी घेतलाच नाही. दुसऱ्यांदा घेतला.

“बाबा, मी बोलतेय.”

“बोला.”

“घाबरू नका हं. आत्ता तुमच्या फोनवर एक मेसेज आला असेल. त्यात सहा आकडे असतील…”

“आलेत.”

“ते मला सांगता का?”

पलीकडे खुशीचं हसू ऐकू आलं. “पास?”

“काय?”

“पास झालो का विचारतोय. सणासुदीला तरी परीक्षा नको घेऊस माणसाची. ठेवतो, व्हिडिओ कॉल यायचाय मला.” आणि फोन बंद.

मी पुन्हा लावला. आत्या काडेपेटी हातात घेऊन माझ्याकडे बघत उभी होती. तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही, म्हणून मी जिभेवर साखर ठेवून बोलले. “बाबा, ही परीक्षा नाही हो. मी खरंच आत्याकडे आहे. माझ्या फोनचं नेट सुरू होत नाहीये, त्यासाठी हवाय. ऐका ना माझं, प्लीज.”

मग बाबा बँकेतल्या आवाजात म्हणाले, “असं? मग अक्काला द्या फोन.”

हे सोपं होतं. मी आनंदानं आत्याच्या हातात फोन दिला आणि तिच्या कानाशी ओरडले, “बोल!” पण आत्यानं मघापासून मला फोन कंपनीशी भांडताना पाहिलं होतं. पलीकडे तेच लोक आहेत असं समजून तिनं अस्सल इंग्रजी उच्चारांत सुनावलं, की ही मुलगी फार लांबून आली आहे, अत्यंत गुणी मुलगी आहे, तिचं काम आपण ताबडतोब करून द्यावं, अन्यथा मी वरिष्ठांकडे तक्रार करीन. एवढं बोलून समाधानानं फोन मला परत दिला.

“आपल्या टोळीत इंग्रज बाईही आहेत वाटतं,” बाबा म्हणाले.

“बाबा, ती आत्याच होती हो!”

“हे पहा, आपण जे कोणी आहात, आवाज चांगला काढता. मेहनत दिसते. पण एक चूक झाली. माझी मुलगी इतकं गोड बोलत नाही.”

घड्याळाचा काटा सरकत होता, आत्यानं वात तुपात भिजवून सरळ केली होती, आणि पलीकडे माझा जन्मदाता माझी ओळख नाकारत होता, तेही मीच शिकवल्याप्रमाणे. तेवढ्यात फोनमधून मला एक आवाज ऐकू आला. कुर्रकुर्र.

“बाबा, तुम्ही काय खाताय?”

“कुठे काय.”

“चिरोटा खाताय.”

कुर्रकुर्र थांबलं.

“चिरोट्यांचा डबा मी कपाटात गोधड्यांच्या मागे ठेवला होता! सगळ्यात वरच्या खणात! म्हणजे तुम्ही स्टुलावर चढलात! किती वेळा सांगितलंय स्टुलावर चढायचं नाही म्हणून? पाय मोडला तर कोण बघणार? घरात चिटपाखरू नाही, मी इकडे सातासमुद्रापलीकडे, आणि तुम्ही माकडासारखे कपाटावर! कितवा आहे हा? खरं सांगा, कितवा? आणि सकाळची गोळी घेतलीत का? नसेल घेतली! काय करू मी तुमचं बाबा, सांगा ना, काय करू?”

शेवटी शेवटी माझा आवाज फाटला होता. आत्याला ऐकू येत नाही, तरी तिनं कानावर हात ठेवला.

“हां,” बाबा म्हणाले. “आता पटली ओळख. लिहून घे.”

आकडे त्यांनी एकेक करून सांगितले, मग उलट माझ्याकडून वदवून घेतले. शेवटी म्हणाले, “हा अपवाद समज. परत मागितलास तर मिळणार नाही.”

कंपनीतल्या मुलीला आकडे दिले. ती म्हणाली, सुरू होईल, पण थोडा वेळ लागू शकतो. किती थोडा, ते तिलाही माहीत नव्हतं. मी फोन खुर्चीवरच्या उशीवर ठेवला, पूर्वेकडे तोंड करून, आणि आम्ही दोघी समोर बसलो. आत्या मधूनमधून विचारत होती, “आला का?” आणि मी मान हलवत होते. दुपार सरून बाहेर उजेड कमी व्हायला लागला होता. तिचा हात मांडीवर सारखा थरथरत होता, दुसऱ्या हातानं ती तो धरून ठेवत होती. तेव्हा मला खरी भीती वाटली. पुढच्या वर्षी हा हात तबक धरू शकेल की नाही, पुढच्या वर्षी या दोघांपैकी कोण असेल नि कोण नसेल, हे मला त्या खोलीत अगदी स्वच्छ दिसलं, आणि मी देवाकडे जन्मात मागितलं नसेल इतक्या कळवळून नेटवर्क मागितलं.

मग उशीवर फोन थरथरला. एक मेसेज आला, मागोमाग सकाळपासून तुंबलेले सगळे शुभेच्छांचे दिवे आणि पणत्या धडाधडा येऊन पडल्या. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

आधी नुसता पंखा दिसला. मग कपाळ. “बाबा, फोन खाली करा,” मी ओरडले. मग बाबा दिसले. नवा सदरा, गुळगुळीत दाढी. ते खुर्चीवर बसले होते, आणि जमिनीवर बसता येत नाही म्हणून त्यांनी पाट खुर्चीवर ठेवून त्यावर बसकण मारली होती.

आत्या चष्मा नाकावर घट्ट दाबून वाकली होती. बाबाही त्यांच्या बाजूनं वाकले.

“केवढा म्हातारा झालास रे,” आत्या म्हणाली.

बाबा काहीतरी बोलले. “काय म्हणतोय?” तिनं मला विचारलं. मी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, “तूसुद्धा, म्हणतोय!” त्यावर दोघं जे हसायला लागली ती थांबेनात.

निरांजन लागलं. आत्यानं बोट ओलं करून कुंकवात बुडवलं. हात हलत होता, म्हणून मी मनगट धरायला गेले, तर तिनं मला बाजूला केलं. बाबांनी डोकं पुढे केलं, इतकं की फोनभर त्यांचं टक्कल आणि कपाळच उरलं. आत्यानं काचेवर, बरोबर कपाळाच्या मध्यावर, कुंकू टेकवलं. थोडं ओघळलं. मग तिनं अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, दिवा ओवाळला. मध्येच थांबून म्हणाली, “मिशीला साखर लागलीय तुझ्या. चिरोटे खाल्लेस ना? लहानपणापासून चोरूनच खातोस.” बाबांनी घाईघाईनं मिशी पुसली. मी तोंड फिरवून भोंग्यावरची टोपी बघत राहिले.

बाबांनी वाकून नमस्कार केला. आत्यानं आशीर्वादाला अख्खा पंजा त्यांच्या डोक्यावर, म्हणजे फोनवर ठेवला, आणि कॉल बंद पडला. तिचा चेहरा क्षणात उतरला. मी लगेच परत लावला. बाबा अजून वाकलेलेच होते.

हॉटेलवर येऊन मी फोन पुसला, पण वरचा भाग पुसवेना. कॅमेऱ्याच्या खाली काचेवर कुंकवाचा डाग होता. उरलेला आठवडा मी ऑफिसात तसाच फोन वापरला. रोजच्या हाताळण्यानं तो फिका होत गेला, आणि पुण्याला उतरले तेव्हा नीट पाहिलं तरच कडेला गुलाबी रेघ दिसत होती.

बाबांनी दार उघडलं. बॅगा कशा आल्या, विमान कसं होतं, काही नाही. “फोन दे,” म्हणाले. मी दिला. त्यांनी चष्मा वर करून काच पाहिली, मग डोळे मिटून ती कपाळाला टेकवली. फोन मला परत देऊन ते आरशाकडे गेले नाहीत, माझ्याकडेच वळले.

“लागलं का नीट?”

त्यांच्या कपाळावर काहीही नव्हतं.

“लागलं, बाबा,” मी म्हटलं.